दोन लाखांत कैलासवासी

हे कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांपैकी एकालाही पटलेलं नाही. आणि पटलं असतं तर मलाच वाईट वाटलं असतं, कारण चटकन पटते ती गोष्ट कसली, ती तर बातमी. तर ऐका. आपल्या या रनाळ्यात एक माणूस तीन महिने कैलासवासी होता. तोंडी नव्हे, विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी. आणि त्या तीन महिन्यांत त्यानं बारा वेळा दाढी केली, मिरचीच्या भावावरून दोन व्यापाऱ्यांना पळवून लावलं आणि भाकरी कडक झाली म्हणून रोज सकाळी सुनेशी वाद घातला.

इद्रिस, हसू नकोस. या भानगडीत तू गळ्यापर्यंत होतास. आणि काजल, तू डोंगरातल्या पाड्यावरून दिवाळीचा डबा घेऊन आलीस, पाहुणी आहेस; गपचूप चकली खा, तुझा भाग शेवटी येतो. हेमकांत बाजाराला गेला आहे तोवर सांगून घेतो. गोष्ट त्याच्या भीतीची आहे, आणि त्याच्यासमोर सांगितली की तो पहिल्यापासून सगळा पुन्हा घाबरतो.

हेमकांत म्हणजे पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं घासलेला कारकून. चौकशी समिती आली तरी शांतपणे पान लावणारा माणूस. पण जगात दोन गोष्टींना फार भ्यायचा: विंचवाला आणि वडिलांना. विंचवासाठी निदान चप्पल घालता येते. वडील म्हणजे छगनआप्पा. वय शहाऐंशी, उंची ताडाची, नजर घारीची, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला आप्पा खाकरले की त्या टोकाला लोक विड्या विझवायचे. दिसायलाही राजबिंडे. इद्रिस, खोकला आला असेल तर पाणी पी. साठीला आलेला हेमकांत आप्पांच्या खाटेवर आयुष्यात एकदाही टेकलेला नव्हता. समोर उभं राहायचं, आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. त्या खाटेसमोर फरशीला एक खळगा आहे, तो त्याचाच.

तर हा हेमकांत निवृत्त झाला आणि त्याला वाटलं, आता तरी आप्पांना खूश करावं. हे आधी कधी जमलं नव्हतं. घड्याळ आणलं तर आप्पा म्हणाले, मागे पडतं. शाल आणली तर म्हणाले, टोचते. आप्पांना आयुष्यभर खुपत होती ती एकच गोष्ट, आणि ती गावाला पाठ होती. सातवीच्या परीक्षेत आप्पा तालुक्यात दुसरे आले होते. दरमहा दहा रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं पत्र पोस्टमननं घरी आणून दिलं. त्या वेळी पेरणी चालली होती. आप्पांच्या वडिलांनी पत्र उलटं धरून पाहिलं, ‘बरं आहे’ म्हणाले, आणि त्याच पत्रानं चिलीम पेटवली. आप्पा पुढं कधी शाळेत गेले नाहीत. पेपर मात्र रोज पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे.

हेमकांतनं ठरवलं, आप्पांच्या नावानं विद्यापीठात शिष्यवृत्ती ठेवायची. गुपचूप. समारंभ झाला की पत्रिका आप्पांच्या हातात द्यायची आणि पाया पडायचं. बायकोला, रोहिणीला, सांगितलं तर ती म्हणाली, “त्यापेक्षा आप्पांच्या खाटेला नवी नवार लावा. ती तरी त्यांना दिसेल.” शेजारी भिकनभाऊ म्हणाले, “मारुतीच्या देवळाला पंखा दे. पात्यावर नाव टाकतात.” हेमकांतनं विचारलं, फिरता पंखा वाचणार कसा? तर म्हणाले, “आपल्याकडे लाइट असते का कधी?”

शेवटी इद्रिसला सोबत घेऊन तो तापी-सातपुडा विद्यापीठात गेला. इद्रिसचं नंदुरबारला मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. पाण्याची मोटार जळली की पंचक्रोशी त्याच्याकडे धावते. विद्यापीठाचं काम त्याला काडीचं कळत नव्हतं, पण हेमकांतला कुठंही एकटं जायची भीती वाटायची, आणि इद्रिसकडे व्हॅन होती.

देणगी विभागात भूपेश नावाचे एक तरुण लिपिक होते. फार सभ्य, कपाळाला गंध, टेबलावर तुळशीचं रोप. त्यांनी समजावलं की देणगीदारानं रक्कम विद्यापीठाकडे कायम ठेवायची, मुद्दल कुणी हलवायचं नाही, आणि व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला पैसे जायचे. अटी देणगीदार घालतो, निवड समिती करते.

“जिल्ह्यातली मुलगी हवी,” हेमकांत म्हणाला. “एम.एस्सी.ला पहिली आलेली.”

“छान. वडील हयात आहेत की दिवंगत?”

“म्हणजे?”

“दोन योजना आहेत. हयात व्यक्तीच्या नावानं गौरव शिष्यवृत्ती, ठेव पाच लाख. दिवंगत व्यक्तीच्या नावानं स्मृती शिष्यवृत्ती, ठेव दोन लाख.”

हेमकांतच्या खिशात दोन लाखांचा ड्राफ्ट होता. त्यानं भीत भीत विचारलं, “हयात माणूस महाग का?”

भूपेश पेन ठेवून म्हणाले, “काका, हयात माणूस फार त्रास देतो हो. दरवर्षी येऊन बसतो. मुलगी कोण, मार्क किती, माझं नाव पत्रिकेत चौथ्या ओळीत का, हार एवढासा का. दिवंगत व्यक्तीचा खात्याला कसलाच उपद्रव नसतो.”

यात चूक काहीच नाही. आपल्याकडे स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर नाव यायचं तरी माणसाला आधी मरावं लागतं. विद्यापीठ तर केवढं मोठं. पण हेमकांत तिथं खुर्चीत बसल्या बसल्या गार पडला. बोलायला तोंड उघडलं, बंद केलं. भूपेशना वाटलं, मुलाला गहिवरून आलं. त्यांनी मृदू आवाजात विचारलं, “दुःख ताजं आहे का?” आणि स्वतःच्या हातानं ‘स्मृती’पुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

हेमकांतनं सही केली. त्याच्या मनातलं मला कसं ठाऊक, असं विचाराल. भ्यालेल्या माणसाचं मन सगळ्या घराला ऐकू येतं.

व्हॅनमध्ये बसल्यावर तो म्हणाला, “इद्रिस, मी बापाला मारलं.”

“कागदवर मरेल मानूस खरा थोडाच मरस?” इद्रिस म्हणाला. “तीन लाख वाची गयात, ते दख.”

घरी आले तर आप्पा खोकत होते. साधा खोकला, हवा बदललेली. पण हेमकांतनं हिशेब जुळवला. आपण सही केली आणि इकडे खोकला सुरू झाला! त्या दिवसापासून आप्पा दुपारी ओट्यावर झोपले की हा मांजराच्या पावलानं जायचा आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरायचा. श्वास लागला की मागं सरकायचा, दहा मिनिटांनी पुन्हा. जेवताना आप्पांना ठसका लागला तर ताट सोडून उभा राहायचा. रात्रीचं जेवण जाईना, तोंडाला चव नाही. आप्पा मात्र त्या महिन्यात दोन किलोंनी वाढले. रोहिणीनं एकदा त्याला बोट धरताना पाहिलं आणि सगळं काढून घेतलं.

“हाई काय करी टाकं तुम्ही?” ती कपाळाला हात लावून खाली बसली. मग म्हणाली, “आप्पांना कळलं तर कैलासवासी तुम्ही व्हाल. तुमच्या नावानं दोन लाख आहेत का?”

इतक्यात विद्यापीठाचं पत्र आलं. मृत्यूचा दाखला किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण आठ दिवसांत सादर करावं. हेमकांत दोन दिवस घराच्या मागच्या दारानंच ये-जा करत होता, कारण पुढच्या दारी आप्पा बसायचे. शेवटी भूपेशना फोन लावला. म्हणाला, दाखला सापडत नाही. भूपेश म्हणाले, “काळजी करू नका काका, करतो काहीतरी.” आणि त्यांनी केलं. विद्यापीठातर्फे त्यांनी बातमी दिली: ‘कै. छगन दौलत पाटील यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती.’ ती पेपरात छापून आली. मग त्यांनी तीच बातमी कापली आणि छगन दौलत पाटील मयत असल्याचा पुरावा म्हणून फाइलीला लावली. बातमी विद्यापीठाची, पुरावाही विद्यापीठाचा! मी म्हणतो, असा हुशार माणूस लिपिक राहतो हे आपलं दुर्दैव.

पेपर सकाळी सातला येतो. बातमी येणार हे भूपेशनी आधी कळवलं होतं, म्हणून हेमकांत सहाला दारात उभा. झडप घालून पेपर उचलला, बातमी कात्रीनं काढली आणि घडी जिथल्या तिथे ठेवली. आप्पांनी पेपर उघडला. आठव्या पानाला चौकोनी भोक. भोकातून समोर अंगठ्यानं फरशी उकरणारा हेमकांत दिसत होता.

“पेपरले खिडकी कोनी पाडी?”

“उंदीर, आप्पा.”

आप्पांनी भोकाच्या कडांवरून बोट फिरवलं. चारही कडा सरळ. “शिकेल उंदीर दिसस,” एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. हेमकांत त्या दिवशी तीनदा आंघोळीला गेला.

पण एका घरचा पेपर कापून काय होतं? तळोद्यालाही पेपर जातो. तिथे आप्पांची मुलगी रंजनाबाई दिलेली. आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा ना! तिनं हेमकांतला अकरा फोन केले. हेमकांतनं भीतीपायी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला होता. आणि आपल्याकडे फोनवर कोण रडतं? आपल्याकडे दारावर जावं लागतं. माणूस गेला की नात्यातल्या बाया गाडी करून निघतात, गावाच्या शिवेवर गळा काढतात आणि मयताच्या दाराशी येईपर्यंत तो खाली पडू देत नाहीत. बाप गेला आणि सख्ख्या भावानं कळवलं नाही, म्हणून रंजनाबाई तर दुप्पट रडत होती. निम्मं दुःख आणि निम्मा राग. पिकअपमध्ये सतरा बाया. माझ्या हिशेबानं तीस, पण इद्रिस बसलाय म्हणून सतरा सांगतो.

दुपारची वेळ. ओट्यावर आप्पा खाटेवर उताणे झोपलेले. माशा फार, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर ओढलेलं. आणि नाकाशी वाकून, बोट पुढं करून, पांढराफटक पडलेला हेमकांत.

पिकअप थांबली. बायांनी हे दृश्य पाहिलं आणि अजून मयत उचललंच नाही असं समजून असा काही टाहो फोडला की समोरच्या लिंबावरचे कावळे कोपर्लीकडे गेले ते संध्याकाळीच परतले.

“आप्पा वो! माले सोडी कोठे गयात वो आप्पा!” म्हणत रंजनाबाईनं खाटेवर अंग टाकलं.

धोतर बाजूला झालं आणि आप्पा उठून बसले.

पुढचं कुणाला पटणार नाही. पाच बाया आल्या पावली मागच्या मागे पिकअपमध्ये चढल्या, आणि ड्रायव्हर गाडी बंद न करताच उतरून पळाला. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “दाजी, मन्हा काही दोष नही.” रंजनाबाईचा आवाज वरच्या पट्टीत होता तिथंच अडकला.

आप्पांनी टोपी शोधली, घातली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “कोन मरी गया?”

हेमकांत फरशी उकरत होता. शेवटी रोहिणी चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली. “कोणी नाही, आप्पा. तुमचा वाढदिवस आहे ना, म्हणून ताई आल्या.”

“मंग रडी का ऱ्हायन्यात?”

“शहाऐंशी झाली, आप्पा. आनंद मावत नाही.”

आप्पा ओरडले असते, काठी उचलली असती, तर हेमकांत सुटला असता. साठ वर्षांची सवय होती. आप्पा चहा प्यायले. सतरा बायांच्या मधोमध, ज्याच्या मयताला त्या आल्या होत्या तो बशीत चहा ओतून फुंकर मारत होता, आणि ती फुंकर हेमकांतला तोफेसारखी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तांदळातून फोन काढला आणि गोठ्यात जाऊन भूपेशना लावला. गोठ्याच्या मागं आप्पांची दात घासायची जागा आहे, हे तो भीतीत विसरला.

“साहेब, समजा... समजा एखादी दिवंगत व्यक्ती हयात निघाली तर?”

भूपेश गोंधळले. “नियमात तशी तरतूद नाही. पण निघालीच तर ती गौरव योजनेत जाईल. वरचे तीन लाख भरावे लागतील. नाहीतर ठेव परत आणि निवड रद्द.”

“निवड झाली?”

“कालच. काजल वळवी, काठी गावाच्या वरच्या पाड्यातली. रसायनशास्त्रात पहिली आहे. सरकारी शिष्यवृत्ती यायला अजून वेळ आहे, आणि हॉस्टेलच्या फीची शेवटची तारीख वीस. तिनं लिहून दिलंय, छगन पाटील शिष्यवृत्तीतून भरते म्हणून. तीनदा येऊन विचारून गेली. नाही भरली तर खोली जाईल, आणि खोली गेली तर पोरगी गावी जाईल. डोंगरात गेलेली पोरगी परत येत नाही हो काका. का विचारता?”

“सहज,” हेमकांत म्हणाला. म्हशीच्या पाठीवर डोकं टेकवून तो बराच वेळ उभा होता. आप्पांना खरं सांगावं, तर ते विद्यापीठात जाऊन हयात होणार, आणि पोरीची खोली जाणार. न सांगावं, तर आपण बाप मारून गप्प बसलेला मुलगा. आणि त्यातून उद्या आप्पांना खरंच काही झालं तर? ही तिसरी भीती सगळ्यांत मोठी होती. ती आली की आधीच्या दोन्ही लहान वाटायच्या.

समारंभ अठरा तारखेला होता. सकाळी हेमकांत चोरपावलांनी बाहेर पडला. आप्पांना सांगितलं होतं, इद्रिसच्या मोटारीची तार आणायला जातो. कोपऱ्यावर व्हॅन उभी. दार उघडलं तर पुढच्या सीटवर आप्पा. धुतलेलं धोतर, कडक टोपी, मांडीवर काठी. इद्रिस स्टेअरिंगवर हात ठेवून समोर असा पाहत होता, जणू त्याला कुणी वायरिंग करून तिथं बसवलंय.

“बठ. उशीर व्हई ऱ्हायना.”

“आप्पा, तार...”

“तार मी बी दखसू.”

चार तासांचा रस्ता. दोंडाईच्याला हेमकांतला उलटी झाली. पुढं अमळनेरला झाली ती इद्रिसला. आप्पांनी दोन्ही वेळा पाण्याची बाटली पुढं केली आणि पुन्हा समोर पाहू लागले.

सभागृहात शिरले तर स्टेजवर हार घातलेला मोठा फोटो. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. समोर समई. खाली अक्षरं: कै. छगन दौलत पाटील. हेमकांतनं डोळे मिटले. इद्रिसनं कलमा पुटपुटला. भूपेश धावत आले, हेमकांतचा हात हातात घेतला, आणि आप्पांकडे पाहून अदबीनं विचारलं, “हे कोण?” आप्पा स्वतःच पुढं होऊन तिसऱ्या रांगेत बसले. कुलगुरू बोलायला उभे राहिले. म्हणाले, “आज छगनआप्पा आपल्यात असते तर...”

आणि मग, मंडळी! मग छगनआप्पा उठले. छातीचा कोट केला. पहिली दोन पावलं टाकली तेव्हाच स्टेजच्या फळ्या हलल्या. कुलगुरूंच्या हातातला माईक ओढून आप्पा गरजले, “मी आठेच शे, जित्ता शे!” तसे दोन्ही स्पीकर फुटले, आणि कुलगुरू टेबलाखाली गेले ते पेपरवाल्यांना मुलाखतही तिथूनच देऊ लागले. आप्पांनी स्वतःच्या फोटोचा हार काढला आणि भूपेशच्या गळ्यात घातला. मग टेबलावर मूठ आपटून म्हणाले, लिहा नियम! आजपासून या विद्यापीठात नाव द्यायला कुणाला मरावं लागणार नाही, आणि हयात माणूस दोन लाखांतच! कुलगुरूंनी टेबलाखालूनच ठराव मांडला, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि हेमकांत त्या दिवशी पहिल्यांदा...

“खोटं,” काजल म्हणाली.

तिच्या हातातली चकली तशीच होती.

“साफ खोटं, आप्पा. मी स्टेजवर होते. तुम्ही खुर्चीतून हललाही नाहीत. तुमच्याच फोटोपुढे सगळे उभे राहिले, तेव्हा तुम्हीपण टोपी काढून उभे राहिलात. मग खाली बसलात ते रुमालात तोंड घालून, माझं नाव पुकारलं तरी मान वर केली नाहीत. मी पाकीट घेऊन खाली आले. मी म्हटलं, बाबा, रडता का, तुम्ही त्यांचे कोण? तर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, ‘तो मन्हा वळखीना मानूस व्हता, बेटा. तू जाय, फी भरी टाक.’”